वामकुक्षीचे दिवस

आमच्या घरात वामकुक्षी हे खातं सासऱ्यांकडे आहे. बँकेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण एकला पान, दीडला पडदे बंद आणि चारच्या आत बेल वाजवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, हा क्रम चुकलेला नाही. आम्ही सदाशिव पेठेत राहतो, त्यामुळे याला आळस म्हणत नाहीत.

तेव्हा २८व्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आता उताणं झोपायचं नाही. कुशीवर झोपा, जमलं तर डाव्या," याचा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. "म्हणजे वामकुक्षीच की! वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आपल्या पूर्वजांनी..." पूर्वज निघाले की मी एरवी स्वयंपाकघरात सटकते. त्या दिवशी पोटामुळे वेळेवर उठता आलं नाही.

माझी अडचण अशी, की मी जन्माची उताणी. हातपाय चारी दिशांना, तोंड अर्धवट उघडं. कुशीवर झोपणं म्हणजे मला लोकलमध्ये चौथी सीट घेतल्यासारखं वाटतं. आणि आपली भाषाही काय, बघा. बाईला दिवस गेले की कूस उजवली म्हणायचं, आणि उजवली रे उजवली की डावीवर झोप म्हणायचं!

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. कमरेखालचं रक्त हृदयाकडे परत नेणारी एक मोठी शीर मणक्याला लागून, जराशी उजवीकडून वर जाते. उताणं झोपलं की भरलेलं गर्भाशय तिच्यावर बसतं. गणपतीत लक्ष्मी रोडवर मधोमध टेम्पो उभा राहावा, तसं. मग आईला गरगरतं आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये मूल पोटातच दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे, हेही त्यांनी सांगितलं. धोका मुळात फार थोडा, पण कुशीवर वळायला पैसे पडत नाहीत. यावर विनोद सुचला नाही. मी मुकाट्याने वळले.

वळले म्हणजे वळायला लागले. पहिल्या रात्री पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, पोटाखाली टॉवेलची घडी. दुकानात गरोदरपणाची म्हणून एक अजस्र उशी मिळते, घोड्याच्या नालेच्या आकाराची. तिची किंमत ऐकून सासूबाईंनी माळ्यावरून बैठकीचा लोड काढला आणि त्याला जुन्या गोधडीचा अभ्रा शिवला. लोड उत्तम निघाला. फक्त पलंगावर तो, मी आणि माझं पोट एवढे मावल्यावर नवऱ्याच्या वाट्याला कोकणाइतकी चिंचोळी पट्टी उरली. एका रात्री तो समुद्रात पडलाही.

सासूबाईंचा नियम निराळा. "कूस बदलायची तर आधी उठून बसायचं, मग दुसरीकडे वळायचं. नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो." डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, वेढा बाळाच्या स्वतःच्या कोलांट्यांनी बसतो, चारपाच बाळंतपणांत एखाद्याला तो असतोच आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मी हे घरी सांगितलं नाही. सासूबाईंनी लोडाला अभ्रा शिवला होता. शिवाय नियम मला मानवलाही होता. गुडघे जुळवून, कोपरावर भार देत सावकाश उठलं की कंबर लचकत नाही. तोटा एवढाच, की उठून बसलं की लघवी आठवते आणि जाऊन आल्यावर कुठली कूस चालू होती ते आठवत नाही.

यात खरा छळ नवऱ्याने केला. त्याने चित्राचा केसपेपर फ्रिजवर लावला आणि रात्री दोनदोनदा मोबाइलचा टॉर्च मारून माझी दिशा तपासू लागला. सरळ दिसले की खांदा ढोसायचा. "अगं, शीर!" चौथ्या रात्री मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले. तिथे कळलं, की मुद्दा झोप लागतानाच्या कुशीचा आहे. रात्री आपोआप उताणं झालं आणि जाग आली, तर पुन्हा कुशीवर वळायचं, बस्स. रडायचं नाही, नवऱ्याने पहारा द्यायचा नाही. आणि उजवी कूसही चालते! २०१९ साली न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा डावी-उजवीत फरक आढळला नाही. छातीत जळजळ होत असेल तर मात्र डावी बरी, आणि उशाला आणखी एक उशी. मला जळजळ होत होती. मिसळीचं नाव मी काढलं नाही.

उजवीची बातमी बाबांना आवडली नाही. "वामचं दक्षिण केलं तर उरलं काय?" असं पुटपुटत ते दीडला आत गेले. सव्वादोनला मी पाणी प्यायला उठले. बाबांच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आमच्या घरची अखंड वामकुक्षी उताणी पडून, तोंड उघडं टाकून घोरत होती. मी दार ओढून घेतलं. सुनेने काही गोष्टी बघायच्या नसतात.

मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना मी विचारलं, "आता मी कशीही झोपू ना?"

"तुम्ही झोपा हो खुशाल. बाळाला मात्र दर वेळी उताणंच झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं तर मुळीच नाही. आणि उशी नको."

मोहरीची उशी शिवून तयार ठेवलेल्या सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच वदवून घेतलंय.

घरी आल्यावर पहिल्या रात्री मी लोड माळ्यावर पाठवला आणि तीन महिने उराशी बाळगलेली इच्छा पुरी करायला हातपाय पसरून उताणी पडले. पाळण्यात लेक उताणी, दोन्ही मुठी डोक्याशी. शेजारी नवरा उताणा. पलीकडच्या खोलीतून बाबांचं घोरणं. मी छताकडे बघत तासभर जागी होते. मग उठून बसले, नियमाप्रमाणे, आणि डाव्या कुशीवर वळले.