मूल ठेवणे आहे

शाळेत मूल ठेवण्याचे आता तीन प्रकार निघाले आहेत. पूर्ण निवासी म्हणजे सत्र सुरू होताना सोडायचं, सुट्टी लागली की न्यायचं. साप्ताहिक म्हणजे सोमवारी सोडायचं, शुक्रवारी आणायचं. आईवडिलांना पालकत्व फक्त शनिवार-रविवार. तिसरा प्रकार लवचीक. बाबांचा दौरा मंगळवारी, आईची मीटिंग बुधवारी, तर चिरंजीव तेवढ्या दोन रात्री शाळेच्या पलंगावर. मेसमध्ये जेवणाचा खाडा धरतात, तसा इथे मुलाचा खाडा धरतात.

ही सोय मूळची इंग्लंडची. तिथे १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट बसला, वसतिगृहाच्या फीसकट. सात रात्री परवडेनात म्हणून कुणी तीनवर आलं, तर त्याला पुत्रप्रेम उफाळून आलं असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे पाचगणीला साहेबाच्या काळापासून पूर्ण निवासीचाच रिवाज. झांझिबारचा फारूख बलसारा लहानपणी तिथे शिकायला आला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. शुक्रवारी झांझिबारला जाऊन सोमवारी प्रार्थनेला हजर करणारी बोट तेव्हा नव्हती.

घाट उतरून साताऱ्याला आलात, तर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेलं बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. साप्ताहिक की लवचीक, असं तिथे कुणी विचारलं नाही.

लवचीक प्रकारात मात्र बीड जिल्ह्याचा हात कुणी धरू नये. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको ऊसतोडीला निघतात. पोराची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह. कारखान्याचं धुराडं पेटलं की प्रवेश, विझलं की सुट्टी. पोरानं किती रात्री राहायचं, ते ना आई ठरवते ना बाप, ऊस ठरवतो. काही गावांत तर जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे. इतका लवचीकपणा लंडनच्या आसपासही सापडायचा नाही.

या वसतिगृहाचं गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक निघत नाही, घोडेस्वारीचा फोटोही नसतो. आणि ते वेळेवर सुरू झालं नाही, तर पोर आईबापाबरोबर थेट फडावर जातं.