आधी पैसे, मग उजेड

दक्षिण आफ्रिकेतल्या गरिबाने वीज आगाऊ विकत घ्यायची. दुकानात रँड मोजायचे, चिठ्ठीवरचे 20 आकडे, म्हणजे टोकन, मीटरवर दाबायचे, मग दिवा. पैसे संपले की मीटर स्वतःच अंधार करतो. तोडायला लाइनमन नको, शिव्या खायला साहेब नको. त्यात टोकनांमध्ये दडलेली 1993 पासूनची मिनिटमोजणी 24 नोव्हेंबर 2024 ला संपली. त्याआधी प्रत्येकाने 20-20 आकड्यांचे दोन जादा कोड दाबायचे, नाहीतर मीटर नवे टोकन घेईना. गरिबाला उधारी नाही; नगरपालिकांकडे मात्र सरकारी वीज कंपनी एस्कॉमची अब्जावधी रँडची थकबाकी. त्यांच्यासाठी सरकारने 2023 मध्ये कर्जमाफीची योजना आणली.