साहेब निर्दोष, बाई दोषी

'रिबेका' ही प्रेमकथा की रहस्यकथा, हा वाद १९३८ सालापासून चालू आहे आणि त्यात कुणी आपलं मत बदलल्याचं ऐकिवात नाही. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची ही कादंबरी व्हिक्टर गोलान्झ यांनी लंडनला काढली, तेव्हा प्रेमकथा म्हणूनच तिचा गाजावाजा केला. लेखिकाबाई सांगत होत्या की, ही मत्सराची गोष्ट आहे. पण लेखकाचं ऐकून मत बनवायचं, तर वाचनकट्टे काढायचे कशाला?

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यानं परवा हीच कादंबरी चर्चेला घेतली. कट्ट्याचा नियम साधा आहे: पुस्तक वाचलेल्यानं आधी बोलायचं, न वाचलेल्यानं जास्त बोलायचं.

दुसऱ्या गटाच्या सोयीसाठी कथानक सांगून टाकतो. माँटे कार्लोच्या हॉटेलात एका श्रीमंत अमेरिकन बाईंच्या दिमतीला असलेली एकवीस वर्षांची मुलगी. तिला भेटतो बेचाळीस वर्षांचा विधुर मॅक्सिम. झटपट लग्न होतं आणि ती येते इंग्लंडात, समुद्राकाठच्या मँडर्ली नावाच्या थोरल्या घरात. तिथे पहिल्या बायकोची, रिबेकाची, खोली जशीच्या तशी जपून ठेवलेली असते. जपणारी असते हाउसकीपर मिसेस डॅन्व्हर्स.

प्रेमकथा-पक्षाचं नेतृत्व बी विंगमधल्या एका काकूंकडे आहे. मॅक्सिम या मुलीला मागणी घालतो ती सकाळच्या न्याहारीच्या वेळी, आणि वर तिला मूर्खही म्हणतो. काकूंना हा प्रसंग फार हळवा वाटला. "बोलून दाखवता येत नाही हो त्याला!" काकांनी पोह्यांची बशी पुढे ओढत असं काही म्हटलं असतं, तर तो हळवेपणा कुठल्या थराला गेला असता, ते सबंध विंगला ऐकू आलं असतं. पण काकांकडे मँडर्ली नाही. वन बीएचके आहे.

रहस्य-पक्षात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांचा आक्षेप हिशेबाचा: "प्रेत सापडायला निम्म्याहून जास्त पुस्तक खर्ची? बाबूराव अर्नाळकरांच्या गोष्टीत एवढ्या पानांत झुंजारनं तीन गुन्हेगार पकडून दिले असते." नायिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, हेही त्यांना खटकलं. केवायसी अपूर्ण असलेली नायिका त्यांच्या पचनी पडत नाही.

मराठीच्या प्राध्यापकांनी कादंबरीबद्दल काहीच मत दिलं नाही. ती कुठून उचलली याबद्दल मात्र सविस्तर दिलं. 'जेन एअर'शी असलेलं नातं, ब्राझीलच्या कारोलिना नाबुको यांच्या १९३४ च्या कादंबरीशी साम्य असल्याचा आरोप, शिवाय अमेरिकेत दुसऱ्याच एका कथेवरून झालेला खटला, ज्यासाठी लेखिकेला न्यूयॉर्कच्या कोर्टात उभं राहावं लागलं. मूळ पुस्तक वाचलंत का, असं कुणीसं विचारलं. सरांनी चष्मा पुसला.

खरी चर्चा रंगली ती संसार-पक्षात. नवी मालकीण मॉर्निंग-रूममध्ये चिनी मातीची एक मूर्ती फोडते आणि तुकडे टेबलाच्या खणात मागे सारून ठेवते. मग चोरीचा आळ येतो तो घरातल्या एका नोकरावर. या प्रसंगावर कट्ट्यात जी शांतता पसरली, ती पाहता बऱ्याच घरांतल्या खणांची झडती घ्यायला हवी. चहाच्या वेळी केक, सँडविच, क्रम्पेटचा डोंगर रचला जातो. उरलेलं कुठे जातं, हे विचारायचं त्या मालकिणीला धाडस होत नाही. इथे काकू एकदम प्रेमकथा सोडून संसार-पक्षात आल्या. "विचारायचं म्हणजे काय? फ्रिजला कुलूप लावायचं!"

एव्हाना गाडी 'कोहरा'वर आलीच. १९६४ सालचा, बीरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला. वहिदा रेहमान, विश्वजीत, हेमंतकुमारांचं संगीत, आणि हाउसकीपरच्या जागी आपल्या येवल्याच्या ललिता पवार. त्या पडद्यावर आल्या की प्रेक्षकाला पुरावा लागत नाही. आमच्या कट्ट्यालाही लागला नाही.

आता मुद्द्याचं. मॅक्सिमनं रिबेकाला गोळी घालून मारलेलं असतं. तो तोंडानं कबुली देतो. ऐकून दुसऱ्या बायकोला आनंद होतो, कारण त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं एवढंच तिला ऐकायचं होतं. चौकशीत आत्महत्येचा निकाल लागतो. मॅजिस्ट्रेटना संशय येतो, पण ते साहेबांच्या घरी जेवलेले असतात. हिचकॉकनं १९४० साली यावर चित्रपट केला, तेव्हा अमेरिकन सेन्सॉर आडवा आला: खुनी नायक मोकळा सुटलेला चालणार नाही. म्हणून पडद्यावर रिबेका पाय अडखळून पडते आणि डोक्याला मार लागून मरते. त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्करही त्याला मिळालं.

सेन्सॉरनं उगाच त्रास घेतला. वाचकांनी मॅक्सिमला केव्हाच सोडलेलं होतं. "त्याची बाजू पण बघा," काकू म्हणाल्या. "ती बाई चालू होती," अधिकारी म्हणाले. रिबेका ही बाई पुस्तकात एकदाही स्वतः बोलत नाही. तिच्याबद्दल जे कळतं ते तिला मारणाऱ्याकडून आणि इतरांकडून. तरी तिचं चारित्र्य कट्ट्यानं वीस मिनिटांत निकालात काढलं.

आणि शेवटी मँडर्ली पेटतं. सिनेमात आग डॅन्व्हर्सनंच लावलेली असते. कादंबरीत तसं कुणी पाहिलेलं नाही. पुरावा इतकाच, की ती सामान आवरून निघून गेली होती. म्हणजे कबुली देणारा सुटला आणि नोकरी सोडून गेलेली बाई जाळपोळीत दोषी. एका कॉलेजातल्या मुलीनं हे बोलून दाखवलं, तेव्हा तिला सांगण्यात आलं की स्वतःचं घर झालं की कळेल.

प्रेमकथा की रहस्यकथा, यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. एक ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला: घरात कामाला बाई ठेवण्यापूर्वी पोलीस व्हेरिफिकेशन सक्तीचं करावं. साहेबांचं करावं, अशी सूचना कुणाकडूनही आली नाही.