टनब्रिजकरांचं मत

इंग्लंडच्या आग्नेयेला, केंट परगण्यात टनब्रिज वेल्स नावाचं गाव आहे. १६०६ साली तिथे लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला आणि लंडनचे उमराव प्रकृती सुधारायला तिकडे जाऊ लागले. १९०९ साली सातव्या एडवर्ड राजाने गावाला आपल्या नावामागे 'रॉयल' लावायची मुभा दिली. पण गावाचं नाव साऱ्या ब्रिटनच्या तोंडी बसलं ते पाण्यामुळे नाही की राजामुळे नाही. ते बसलं संपादकाला लिहिलेल्या पत्राखालच्या एका सहीमुळे: 'उद्विग्न, टनब्रिज वेल्स'. हा उद्विग्न कुणी एक माणूस नव्हे. जगात जे चाललंय ते बरं नाही, आणि ते वेळीच कुणाच्या तरी कानावर घालणं आपलं कर्तव्य आहे, असं मानणाऱ्या समस्त ब्रिटिशांचं ते सामान्यनाम झालंय. सातारकर, सोलापूरकर आपल्याला चालतात, तेव्हा यांना टनब्रिजकर म्हणायला हरकत नसावी. टनब्रिजकर पुरुष असतात तशा बायकाही असतात, आणि ते टनब्रिज वेल्समध्येच राहत असतील असंही नाही. बसथांब्यावर, पबच्या कोपऱ्यात, कुंपणापलीकडल्या शेजाऱ्याशी बोलताना ते कुठेही भेटतात. कचऱ्याची गाडी आठवड्याऐवजी पंधरवड्याने येते, रस्त्यातला खड्डा नाताळापासून तसाच आहे, पंतप्रधान बदलला, बिस्किटांचा पुडा पूर्वीपेक्षा लहान झाला, हे सगळं ते एकाच दमात आणि एकाच पट्टीत सांगतात. त्यांचं वाक्य बहुतेक वेळा "माझं चुकतही असेल, पण" असं सुरू होतं. त्याचा अर्थ तुमचं चुकलंय, असा घ्यायचा.

या गृहस्थांबद्दल खुद्द ब्रिटनमध्येच दोन मतं आहेत आणि दोन्ही जुनी आहेत. विनोदकारांच्या लेखी ते चक्रम. कायद्याच्या लेखी मात्र शहाणपणाचं माप. एखाद्याचं वागणं वाजवी होतं की नाही हे ठरवायचं असलं की तिथले न्यायाधीश विचारतात, क्लॅपहॅमच्या बसमध्ये बसलेल्या साध्या माणसाला काय वाटलं असतं? १९०३ सालच्या एका निवाड्यापासून हा मनुष्य त्या बसमध्ये बसलाय. अजून त्याचा थांबा आलेला नाही, आणि अधूनमधून तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही डोकावून जातो. मग हा माणूस शहाणा की चक्रम? दोन्ही, पण हवा येईल तसा नव्हे. त्यामागे एक नियम आहे. विषय जितका लहान तितकी टनब्रिजकरांची बुद्धी पैलवान, आणि विषय जितका मोठा तितकी ती आजारी. लोक त्यांना हसतात ते क्षुल्लक गोष्टींवरून वाद घालतात म्हणून. हसणं बरोबर आहे, त्यामागचं कारण चुकीचं आहे.

आधी लहान विषय घेऊ, कारण टनब्रिजकरांचं खरं तेज तिथेच. आपल्याकडे पावशा 'पेर्ते व्हा' म्हणू लागला की पाऊस जवळ आला असं शेतकरी समजतो. तसा इंग्लंडात वसंताचा भालदार म्हणजे ककू पक्षी. त्याचा पहिला आवाज आपण ऐकला हे 'द टाइम्स'ला कळवायची मोठी चढाओढ असे. १९१३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पक्षी येण्याच्या दोन महिने आधीच, रिचर्ड लिडेकर यांनी बागेत ककू ऐकल्याचं पत्र छापून आणलं. लिडेकर हौशी नव्हते. त्यांनी पूर्वी भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरी केली होती, शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवर लिहिलं होतं, आणि प्राणिशास्त्रात त्यांच्या नावाची रेषा आजही नकाशावर काढतात. आठवडाभरात त्यांचं दुसरं पत्र आलं: तो आवाज पक्ष्याचा नव्हता, जवळच बांधकामावर असलेल्या एका मजुराने काढलेला होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने एवढ्या लहान चुकीची एवढी जाहीर कबुली द्यायची काय गरज होती, असं आपल्याला वाटेल. टनब्रिजकरांना वाटत नाही. ककूच्या बाबतीत खोटं चालत नाही.

तोच काटेकोरपणा १९९१ साली कर न्यायाधिकरणापुढे दिसला. प्रश्न होता, जाफा केक हा केक की बिस्किट? ब्रिटनमध्ये केकवर मूल्यवर्धित कर नाही, पण चॉकलेट लावलेलं बिस्किट चैनीत जमा, त्यावर पूर्ण कर. त्यामुळे कुरकुरीतपणाला पैशाचं मोल आलं. न्यायाधिकरणाने नाव पाहिलं, घटक पाहिले, आकार पाहिला, लोक ते बोटांनी उचलून खातात हे लक्षात घेतलं, आणि एक कसोटी तर अशी लावली की तिच्यापुढे मान तुकवावी: शिळा केक कडक होतो, शिळं बिस्किट मऊ पडतं. जाफा केक कडक होतो. सबब तो केक. चहाचीही तीच गत. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली चहाचे अकरा नियम लिहिले आणि कपात आधी चहा, मग दूध, असा निवाडा दिला. त्याच्या जन्मशताब्दीला, २००३ साली, तिथल्या रसायनशास्त्राच्या रॉयल सोसायटीने शास्त्राधारे तो फिरवला. उकळत्या चहात मागून ओतलेल्या दुधातली प्रथिनं बिघडतात म्हणून आधी दूध. मधल्या काळात, १९८० साली, ब्रिटिश मानक संस्थेने चहा कसा करावा याचं सहा पानी मानक काढलं होतं. त्याला १९९९ चं इग्नोबेल, म्हणजे चेष्टेतलं नोबेल मिळालं, तेही साहित्याचं. आपल्याकडे चहा, दूध, साखर, आलं एकाच पातेल्यात उकळत असल्याने हा शास्त्रार्थच संभवत नाही. पण डोळ्यांत भरतो तो पुराव्याचा आग्रह. कुणी 'मला वाटतं' म्हणून सुटलेलं नाही.

आता हेच टनब्रिजकर मोठ्या विषयाकडे वळतात तेव्हा काय होतं पाहा. २०१३ साली तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी, किंग्ज कॉलेज आणि इप्सॉस मोरी यांनी मिळून लोकांचे अंदाज तपासले. सरकारी मदतीच्या दर शंभर पौंडांतले किती पौंड लबाडीने लाटले जातात, असा एक प्रश्न होता. लोकांचा सरासरी अंदाज निघाला चोवीस पौंड. सरकारी हिशेब होता सत्तर पेन्सचा. जाफा केक शिळा करून बघणारा समाज इथे चौतीस पटींनी चुकला आणि त्याबद्दल कुणी दुसरं पत्र पाठवलं नाही. केळ्याची कथा तशीच. युरोपीय संघाने १९९४ साली केळ्यांचे दर्जे ठरवले: लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर, आणि सर्वोच्च प्रतीच्या केळ्याला विचित्र बाक नको. खालच्या प्रतीत थोडंफार वाकडं चालत होतं. यातून 'ब्रुसेल्सने वाकड्या केळ्यावर बंदी घातली' एवढंच टनब्रिजकरांपर्यंत पोचलं आणि वीस वर्षं पुरलं. खरं तर मंडईत जाऊन एक फणी विकत घेतली असती तर प्रश्न मिटला असता, कारण वाकडी केळी सगळीकडे मिळत होती. पण केळं तोंडात असतानाही ते केळ्याच्या बंदीबद्दल बोलत राहिले. पुढे पासपोर्टाचा निळा रंग परत आला तेव्हा सार्वभौमत्व परत आलं असं वाटून घेतलं गेलं. रंग बदलायला युरोपने कधी मनाई केलीच नव्हती, आणि ते निळे पासपोर्ट एका फ्रेंच मालकीच्या कंपनीकडून, पोलंडमध्ये तयार होऊन येतात.

ही विसंगती कशामुळे? मूर्खपणा म्हणावा तर तो लहान विषयात का दिसत नाही? मला वाटतं, टनब्रिजकर 'मत' या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी करतात. चहा, केक, ककू यांची शहानिशा स्वतःच्या जिभेने आणि कानाने करता येते, आणि हरलं तरी उद्या शेजाऱ्याला तोंड दाखवता येतं. तिथे मत म्हणजे निष्कर्ष. मोठ्या विषयात मत म्हणजे सोबत. दोन इंग्रज भेटले की आधी हवेबद्दल बोलतात आणि दोघांनाही आधीच ठाऊक असलेलं एकमेकांना सांगतात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५८ सालीच टिपून ठेवलंय. "गारठा पडलाय नाही?" याला "नाही, तापमान सरासरीपेक्षा दोन अंश जास्त आहे" असं उत्तर देणारा मनुष्य बरोबर असतो आणि एकटा असतो. टनब्रिजकरांनी ही हवेची रीत देशाच्या कारभाराला लावली. लबाड मदतखाऊ, वाकडी केळी, बिघडलेला जमाना, या सगळ्या त्यांच्या लेखी पावसाच्या सरी. त्यावर मान डोलवायची असते, छत्री उघडायची असते. पुरावा मागायचा नसतो.

यावर एक आक्षेप आपल्या घरातूनच येईल: हे जगभर चालतं, आमच्या कट्ट्यावर काय वेगळं होतं? बरंच वेगळं होतं. सदाशिव पेठेतलं मत समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी दिलेलं असतं, आणि ते मिसळीबद्दल असो की अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाबद्दल, त्याचा जोर तोच असतो. टनब्रिजकरांचा जोर विषयागणिक उलटा होत जातो. मोठ्या प्रश्नावर ते "असो, चालायचंच" म्हणून पेला उचलतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या विषयातही या लोकांनी कधीकधी अचूक निदान केलंय. २०२२ च्या ऑक्टोबरात एका लोकप्रिय वर्तमानपत्राने लेट्यूसचा गड्डा कॅमेऱ्यापुढे ठेवला, त्याला केसांचा टोप चढवला आणि विचारलं, आधी कोण संपणार, हा की पंतप्रधान लिझ ट्रस? गड्डा जिंकला, ट्रसबाईंची कारकीर्द ४९ दिवसांची झाली. मात्र हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. महागाई, कर्जरोखे, व्याजदर हे टनब्रिजकरांच्या आवाक्याबाहेरचे. लेट्यूस किती दिवस टिकतो हे त्यांना पक्कं ठाऊक. मोठी गोष्ट भाजीच्या तराजूत आली आणि तराजू बरोबर निघाला.

वजनमापांचं तेच. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरने घेतात पण गाडी किती चालते ते मैल आणि गॅलनमध्ये सांगतात; पबातली बिअर पिंटाने, साखर किलोने आणि स्वतःचं वजन स्टोनमध्ये. २०२२ साली सरकारला वाटलं, युरोपमधून बाहेर पडलोच आहोत तर पौंड-औंसांची जुनी मापं पुन्हा मोकळेपणाने आणावीत, टनब्रिजकर खूश होतील. त्यांनी लोकांची मतं मागवली. एक लाखाहून अधिक उत्तरं आली आणि त्यांतल्या ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिकच बरं असं कळवलं. 'राष्ट्राची अस्मिता' असं विचारलं असतं तर कदाचित वेगळं घडलं असतं. 'बटाटे कसे मोजू' असं विचारल्यावर क्लॅपहॅमच्या बसमधला माणूस जागा झाला. सरकारने मग कायदा आहे तसा ठेवला आणि समजूत म्हणून पिंटभर मापाची वाइनची बाटली विकायला परवानगी दिली.

राहिला शेवटचा आक्षेप, की असे टनब्रिजकर आता उरले कुठे? टपालाची तिकिटं महागली, संपादकांना पत्रं लिहिणारी पिढी सरली. शिवाय ज्या गावाच्या नावावर हे सगळं खपवलं त्याची कुणी चौकशी करत नाही. ती केली तर अडचण होते. २०१६ च्या सार्वमतात अख्ख्या केंट परगण्यातून युरोपातच राहू असा कौल देणारं क्षेत्र एकच होतं, आणि ते टनब्रिज वेल्स. १९७४ पासून हुजूर पक्षाला न चुकता निवडून देणाऱ्या त्या मतदारसंघाने २०२४ साली तोही पक्ष सोडला आणि लिबरल डेमोक्रॅट निवडला. मोठ्या प्रश्नांवर गावाने अशी मतं बदललेली आहेत. स्कोन नावाच्या छोट्या पावावर आधी जॅम लावायचा की आधी साय, यावर मात्र डेव्हन आणि कॉर्नवॉल हे परगणे अजून हटलेले नाहीत, आणि त्यावर सार्वमत घ्यायची हिंमत आजवर एकाही पंतप्रधानाने केलेली नाही.