चंद्रोदयानंतरची गोळी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढं १-०-१ असं लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आमच्या कुरुंदवाडच्या आत्तीनं ते एकशे एक वाचलं आणि विचारलं, "वाडीला दक्षिणा ठेवायला सांगितलीय व्हय रं?" नृसिंहवाडी नदीपलीकडंच, त्यामुळं तिला शंका रास्त वाटली असणार.

मी तिला सात वारांची, सात खणांची डबी आणून दिली. अशा डब्यांच्या भावकीतली एक मोठी गमतीची आहे. १९६२ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये डेव्हिड वॅगनर नावाच्या इंजिनिअरला घोर लागला, की बायकोनं आजची गर्भनिरोधक गोळी घेतली का नाही? घरात चार पोरं होतीच. त्यानं कागदावर वार लिहून गोळ्या मांडल्या. कागद पडला, गोळ्या विखुरल्या. मग त्यानं वार दाखवणारी गोल डबी केली आणि तिचं पेटंटही घेतलं.

पण वॅगनरबाईंना संकष्टी नव्हती. डबीला वार कळतो, तिथी कळत नाही. आत्तीची साखरेची गोळी जेवणाआधीची, आणि जेवण चंद्र उगवल्यावर. गोळी घेऊन उपाशी बसलं तर साखर घसरायची, म्हणून ती थांबते ते बरोबरच. डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय. मोबाइल मात्र साडेआठला बोंबलायला लागतो. एकादशीला वेगळाच वाद. बीपीची गोळी उपासाला चालते का?

"अगं, परदेशातनं आलेला बटाटा चालतो, मग ही का नाही?"

"बटाटा देवाच्या वळखीचा झालाय."

शेवटी तिनंच तोड काढली. जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय १९७३ पासून निघतंय. तिथी, उपास, चंद्रोदय, सगळं एका चौकोनात. दुधाच्या रतिबाचे खाडे ती त्यातच मांडते. गोळी चुकली की त्याच चौकोनात फुली. पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली. न चार्जिंग, न पासवर्ड. माझी डबी आता लवंग-वेलदोड्याला आहे.

महिनाअखेरीस आत्तीनं फुल्या मोजून गवळ्याचे पैसे कापले. तो उंबऱ्यातच अडून बसला. कॅलेंडर उतरवून समोर ठेवलं, तर निम्म्या फुल्या एकादशी-संकष्टीच्या.

"काकू, मी एक दिवस चुकलो न्हाई," तो म्हणाला, "गोळी तुम्ही बुडवायची आन् पैसं माझं कापायचं?"