करंट येतोय का?

जुनी गाडी सुरू होईनाशी झाली की ती आपली राहत नाही. आरसी बुकावर नाव आपलं असतं, हप्ते आपल्या बापाने फेडलेले असतात, पण एकदा का बॉनेट वर झालं की ती सोसायटीची मालमत्ता. नव्या गाड्यांच्या नशिबी हे भाग्य नाही. तिथे कंपनीचा गणवेशातला मुलगा येतो, डॅशबोर्डखाली एक वायर खुपसतो आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वाचतो. आकड्याशी कोण हुज्जत घालणार? आमच्या फियाटशी मात्र कोणीही, कधीही, पायजम्यावर येऊन हुज्जत घालू शकतं.

फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. बाबांनी नंबर लावला तेव्हा मी पाढे पाठ करत होतो आणि गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीसुद्धा रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांच्या वर जगायची परवानगी नाही. खासगी गाडीला आहे. पर्यावरण कर भरा, आरटीओत जाऊन पुन्हा नोंदणी करा आणि जगा.

तर अशी ही गाडी एका रविवारी ठाण्याच्या मंडईतून मेथी, दुधी आणि बायकोला घेऊन सुखरूप आली. भाजी उतरवली. गाडी जरा पुढे सरकवावी म्हणून चावी फिरवली, तर नुसतं घर्र घर्र घर्र. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही.

तसं पाहिलं तर पेट्रोलच्या इंजिनाच्या मागण्या फार नसतात. पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी जिवंत आहे. मग पेट्रोल येतंय का ते बघायचं, करंट येतोय का ते बघायचं, झालं निदान. पण हे झालं पुस्तकात. आमच्या आवारात निदान करणारा माणूस गाडीकडे बघत नाही, तो स्वतःच्या आयुष्याकडे बघतो आणि तिथला रोग गाडीत शोधतो.

पहिलं निदान घरचंच. "दमट हवा," बायको म्हणाली. जूनपासून तिच्या दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ओलीमुळे बिघडते यावर तिची श्रद्धा बसली होती. गाडीच्या बाबतीत ही श्रद्धा अगदीच निराधार नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत बाष्प धरलं की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी ओलीतून भलतीकडे पळतो. तिने वरून केस वाळवायचा ड्रायर आणला, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन सोडलं आणि टोपी आतून-बाहेरून अशी खडखडीत वाळवली की पापड लाजावेत. परत चावी. घर्र घर्र.

तोवर तळमजल्यावरचे काका येऊन उभे राहिले होते. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते या देशात जे जे काही बिघडतं ते अर्थिंगमुळे. "बॉडीला अर्थ नीट नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, सेल्फ फिरतोय." तर म्हणाले, "फिरेल रे, पण मनापासून नाही फिरणार." यावर काय बोलणार?

बँकेतून निवृत्त झालेले दुसरे काका बॉनेटपाशी आलेच नाहीत. फाटकाजवळूनच म्हणाले, "विकून टाक. अनुत्पादित मालमत्ता आहे."

वॉचमनचं म्हणणं धक्का मारू. धक्का हा बॅटरी उतरलेल्या गाडीवरचा इलाज. ठिणगीच नसेल तर गाडी काशीपर्यंत ढकलत नेली तरी काशीला पोचेल, सुरू होणार नाही. पण वॉचमनला दिवसभर खुर्चीत बसून कंटाळा आला होता, तेव्हा फाटकापर्यंत एकदा आणि फाटकापासून परत एकदा असा धक्का झाला. माझा भाचा आयटीत आहे. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ शोधून विचारलं, "मामा, हिचा कॉम्प्युटर कुठंय?" मी म्हटलं, "आत्ता तुझ्या भोवती उभा आहे."

आता अर्थिंगवाल्या काकांनी सूत्रं हातात घेतली. एका प्लगची टोपी ओढून काढली, वायर हातात धरली आणि भाच्याला म्हणाले, "मार सेल्फ. चाळीस वर्षं करंटशी खेळलोय." भाच्याने मारला. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. व्होल्ट भरमसाट, पण ताकद इवलीशी, म्हणून माणूस मरत नाही, फक्त शब्दसंग्रह वाढतो. काकांच्या तोंडून त्या दिवशी जे आलं ते मंडळाच्या कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. पण जिद्दीचे असे की जिन्याच्या पायरीवर बसता बसता दंड चोळत त्यांनी अहवाल दिला, "करंट आहे!"

करंट आहे म्हटल्यावर दोष पेट्रोलचा. सगळी फौज पेट्रोलकडे वळली. कार्ब्युरेटर उघडला, जेटमधून फुंकर मारली, तोंडात पेट्रोल गेलं, थुंकलं. वास्तविक खरी मेख इथेच होती. माणसाला झटका देणारी ठिणगी इंजिनला पुरेलच असं नाही. मोकळ्या हवेत मरतुकडा करंटसुद्धा उडी मारतो, पण सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला जोर लागतो. ठिणगी निळी पाहिजे, आणि टच्च असा आवाज पाहिजे. काकांनी ती पाहिली नव्हती, नुसती अनुभवली होती.

हे सगळं गच्चीवरून पाहणारे आमचे होमिओपॅथ डॉक्टर सावकाश खाली आले. त्यांनी गाडीला हात लावला नाही. खिशातून पेन काढलं आणि मला प्रश्न विचारायला लागले. त्रास कधीपासून? अचानक की हळूहळू? सकाळी जास्त की संध्याकाळी? तहान कशी आहे? मी लिटरला बारा किलोमीटर सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "उष्णतेने वाढतं की थंडीने?"

मी गप्पच झालो. कारण हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सकाळी गाडी एका चावीत सुरू व्हायची. रस्त्यात तापली की सिग्नलला मरायची. तासभर सावलीत उभी केली की परत शहाण्यासारखी सुरू व्हायची. "उष्णतेने," मी म्हटलं. "विश्रांतीने बरं वाटतं?" "हो." डॉक्टरांनी मान डोलावली आणि गाडीऐवजी मलाच साबुदाण्यासारख्या चार गोळ्या दिल्या.

दुपारी मिस्त्री आला. हा मनुष्य कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टांच्या बाजारात वाढला. तो नुसता आत बसला, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. होणारच, तोवर गार पडली होती. मिस्त्रीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की सबंध सोसायटी खोटं बोलताना पकडली गेली. दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबते ती जात गाड्यांतही आहे.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, "उष्णतेने वाढतं." मग गाडी तशीच चालू ठेवून चहा झाला. दुसरा होता होता इंजिनने दोन आचके दिले आणि मेलं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला, तोही डॉक्टरांबद्दल. त्याने कॉइलची मधली वायर टोपीतून ओढली, कोरड्या फडक्यात धरून इंजिनपासून बोटभर लांब नेली. "मारो." ठिणगी पडली, पण पिवळट, आवाज न करणारी. मग डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा टक्‌ टक्‌ काढल्या, रोटर उचलला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट उघडून दाखवले. इवलेसे दोन धातूचे ठिपके. एकाला करडा खड्डा पडलेला, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा. "जल गया," तो म्हणाला, आणि शेजारच्या करंगळीच्या पेराएवढ्या नळकांडीवर नखाने टिचकी मारली. "ये जलाया."

ती नळकांडी म्हणजे कंडेन्सर. पॉइंट उघडले की कॉइलमधला करंट एकदम तुटतो, त्या तुटण्यातूनच प्लगची ठिणगी जन्मते. तुटताना जो लोंढा उसळतो तो कंडेन्सरने पोटात घ्यायचा. त्याने घेतला नाही तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते, पॉइंट जळतात, प्लगच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ही अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची १९१० च्या सुमाराची अक्कल. पुढे कित्येक दशकं साऱ्या जगाच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. कंडेन्सरच्या आत कागद आणि पत्र्याची पातळ गुंडाळी असते. जुना झाला की गार असताना नीट वागतो आणि तापला की कर्तव्याला चुकतो.

मिस्त्रीने डब्यातून नवा कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड काढला, मापाची पट्टी न वापरता नुसत्या नजरेने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट लावली. गरम इंजिनवर चावी फिरवली. सुरू. बंद करून परत फिरवली. सुरू.

यानंतर जे झालं ते अपेक्षितच. बायको म्हणाली, टोपी वाळवली म्हणून ठिणगी तरी दिसली. काका म्हणाले, कंडेन्सरचं एक टोक कुठे जोडलंय बघ, बॉडीला. म्हणजे अर्थिंगच की! भाचा म्हणाला, हार्डवेअर इश्यू. डॉक्टर काही बोलले नाहीत, वही मिटली.

पैसे घेऊन मिस्त्री उठायला गेला आणि "या अल्ला" म्हणून गुडघा धरून परत खाली बसला. "डॉक्टरसाब, ये घुटना. बारिश में बहुत सताता है." डॉक्टरांनी वही उघडली. त्यांच्या आधी बायको म्हणाली, "दमट हवा, दुसरं काय." काका म्हणाले, "अनवाणी चालत जा मातीवर. अर्थ मिळाला पाहिजे शरीराला." वॉचमन त्याला मागून धरून उभा करायला धावला. भाच्याने स्कॅन करा म्हणून सांगितलं.

बँकेचे काका प्रथमच फाटक सोडून जवळ आले. त्यांनी वाकून गुडघ्याकडे नीट पाहिलं.

"बदलून टाका," ते म्हणाले. "आता त्यालाही हप्त्यावर कर्ज मिळतं."