मंदगती अश्वराजांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री अश्वराज, मुक्काम रपेटीचे मैदान, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, गोव्यातल्या नार्व्याच्या एका शिकाऊ स्वाराने आपल्याविरुद्ध तक्रार गुदरली आहे. पहिल्या टाचेला आपण कान मागे केलेत, दुसरीला शेपूट हलवलीत. पाचव्या टाचेला चार पावले दुडकी धरलीत आणि लगेच कदमावर आलात. उरलेला वेळ कुंपणाकडेचे गवत पाहण्यात गेला. स्वार घामाघूम झाला, आपण मात्र कोरडे राहिलात.

निदान मुलूख कोणता याची तरी चाड ठेवायची! कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर इथले. दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नार्व्यात आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले. दिवाडीपलीकडच्या जुन्या गोव्यात होर्मुझचे घोडे गलबतांतून उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. फर्नांव नूनिझ हा स्वतः घोड्यांचा व्यापारी. तो लिहून गेला आहे की साळुव नरसिंह राजा वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे मोजी. पुरावा म्हणून नुसती शेपटी आणली तरी चाले. आपण तर शेपटीसकट हयात आहात, आणि तरीही स्वाराला तासाचे पैसे जड वाटतात.

शिवाय शिगम्यात डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी होते. गड्याच्या कमरेला सजवलेला लाकडी घोडा, हातात तलवार, पायांत घुंगरू आणि ढोल-ताशांचा ठेका. त्या घोड्याला स्वतःचा एकही पाय नाही, तरी तो कुठे अडत नाही. स्वाराने हा दाखला मोठ्या आवेशात दिला. तिथे हुकूम देणारे डोके आणि चालणारे पाय एकाच माणसाचे असतात, एवढेच त्याने सांगितले नाही.

आता आपली बाजू. पाठीवर माशी बसली तरी आपण नेमकी तेवढीच कातडी थरकवता. मग बरगडीवर बसणारी टाच आपल्याला कळत नसेल हे कोणी मानावे? कळते, पण स्वार पहिल्या फेरीपासून ती बडवतच होता. आपण चाललात तरी टाच, थांबलात तरी टाच. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून: पाऊल पुढे पडले की पायाचा दाब त्याच क्षणी जायला हवा. तो जातच नसेल, तर त्यातून काय समजायचे? न समजलेल्या गोष्टीकडे आपण शहाण्यासारखे दुर्लक्ष केलेत.

दुडकीचे प्रकरण तर याहून उघडे आहे. आपण दुडकी धरताच स्वाराची मांड सुटली आणि तो लगामाला लोंबकळला. लोखंडी कडी तोंडात रुतली आणि आपण कदमावर आलात. टाच म्हणते पुढे, लगाम म्हणतो थांब. आपण दोन्ही हुकूम पाळलेत, फक्त जोरकस तो आधी. याला मंदपणा म्हणायचे तर आज्ञाधारकपणा कशाला म्हणायचे?

बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याला गणिते येतात अशी एके काळी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिले की हान्सला गणित येत नव्हते. प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हलले की तो खूर आपटायचा थांबे. ज्यांच्या जातभाईने एवढे टिपले, त्यांना जमिनीकडे खिळलेली नजर आणि आखडलेले गुडघे वाचायला कितीसा वेळ लागणार? (वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व भरधाव धावतो, तो पाठीवर स्वार नसताना. यावर इथे अधिक काही लिहिणे नाही.)

तेव्हा तक्रारीवर हुकूम असा: आधी खोगिराखालची पाठ, दात आणि खूर तपासावेत. इथल्या दमट दुपारी कोणालाही आळशी ठरवू नये. मग स्वाराने पोटरीचा एकच हलका दाब द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर नाहीच आले तर पायामागे चाबकाचा एकच स्पष्ट स्पर्श. पाऊल पडताच पाय शांत, हात ढिले.

स्वाराने मात्र पुढच्या खेपेसाठी काटेरी टाचा मागवल्याचे कळते. त्याने मांड पक्की करेपर्यंत त्या मोतद्दाराकडे कुलपात राहतील.

बहुत काय लिहिणे. आपण सुज्ञ असा.